फ्लॅमेंको शिकायला निघालात? एक गुरू पुरणार नाही

स्पेनमधल्या सेवियातल्या (इंग्रजीत सेव्हिल) माझ्या पहिल्या फ्लॅमेंको वर्गात मी बाईंच्या पाया पडायला वाकले. सवयीनं. पुण्यात बारा वर्षं कथक शिकलेली मी. वर्गात शिरलं की आधी भूमीला नमस्कार, मग गुरूंना. बाई दचकून मागं सरकल्या. माझं काहीतरी खाली पडलंय असं वाटून त्याही वाकून शोधायला लागल्या. मग गिटारवाला शोधायला लागला. शेवटी एका जपानी मुलीनं जमिनीवरची एक केसांची पिन उचलून माझ्या हातात दिली आणि वर्ग सुरू झाला.

पुढच्या काही महिन्यांत लक्षात आलं की चुकलं होतं ते नमस्कारात नव्हतं, हिशोबात होतं. एक चांगला गुरू गाठायचा, त्याच्या हाताखाली राबायचं, बाकी आपोआप होईल, असा तो हिशोब. फ्लॅमेंको ही दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियाची गाणं, गिटार, टाळ्या आणि नाच अशी एकत्र कला. तिथल्या फ्लॅमेंकोच्या घरात जन्मलेलं मूल एका माणसाकडून शिकत नाही. आजी टाळ्या वाजवते, मामा गातो, आत्या लग्नात दोन मिनिटं नाचते आणि बसते. मूल मधे बसून सगळं पीत असतं. तुम्हाआम्हाला ते घर मिळालेलं नाही. म्हणून ते तुकड्या-तुकड्यानं जमवावं लागतं. कान एकाकडून, पाय दुसऱ्याकडून, हात तिसरीकडून, आणि गप्प कधी बसायचं हे चौथ्याकडून. खालची सगळी यादी या जमवाजमवीची आहे.

१. निघायच्या सहा महिने आधी : पहिला गुरू म्हणजे ताल, आणि तो फुकट आहे

फ्लॅमेंकोतल्या गाण्या-नाचाच्या प्रकारांना पालो म्हणतात. प्रत्येक पालोला आपला ताल, आपली सुरावट आणि आपला स्वभाव असतो. तालाच्या चक्राला शब्द आहे कोंपास. तो चुकला तर बाकीचं कितीही सुंदर असू दे, कुणी बघत नाही.

सोलेआ, आलेग्रियास आणि बुलेरिया हे तिन्ही बारा मात्रांचे. हे कळल्यावर मी मनात म्हटलं, 'हात्तिच्या, एकताल!' हा पहिला सापळा. एकतालात दोन-दोनचे सहा विभाग आणि सम पहिल्या मात्रेवर. इथं वजन पडतं ३, ६, ८, १० आणि १२ वर. आधी तीन-तीनच्या ढांगा, मग दोन-दोनच्या. आणि आपल्याला समेवर जे 'आलो बुवा घरी' वाटतं, ते इथं पहिलीवर मिळत नाही, दहावर मिळतं. अकरा-बारा म्हणजे दम घ्यायची जागा, किंवा पुढच्या चक्राचा उंबरठा. मी पहिले तीन आठवडे सगळ्या तिहाया, म्हणजे तीनदा घेऊन समेवर संपणारे तुकडे, एकवर आणून आपटत होते. आजूबाजूचे लोक सभ्यपणे दुसरीकडे बघत.

सेगिरिया नावाचा एक गंभीर, काळाकुट्ट पालो आहे. त्याच बारा मात्रा आठवीपासून मोजायला लागा : ८, १०, १२, ३, ६. मधली अंतरं झाली २-२-३-३-२. स्पॅनिश लोक ते पाच असमान ठोक्यांत मोजतात. आपल्याकडे पढंत, म्हणजे बोल तालात तोंडानं म्हणणं, शिकलेल्याला हे अर्ध्या तासात समजतं, पण अंगात यायला फार वेळ लागतो. समजणं आणि अंगात येणं एकच असं मानू नका.

सुरुवात मात्र बारापासून करूच नका. तांगोस घ्या. चार मात्रांचा ठेका, केरव्याच्या जवळचा. अर्जेंटिनाच्या टँगोशी गल्लत करू नका. रोज पंधरा मिनिटं ध्वनिमुद्रण लावून फक्त टाळ्या वाजवा. टाळ्या दोन प्रकारच्या. पाल्मास सोर्दास म्हणजे दोन्ही तळवे खोलगट करून वाजवलेल्या बद्द टाळ्या. गाणं चालू असताना या. पाल्मास क्लारास म्हणजे एका हाताची बोटं दुसऱ्या तळव्यावर मारून काढलेल्या कोरड्या, टणक टाळ्या. जोरकस पदन्यासाला किंवा गाणं नसताना या. पायानं मात्रा धरायची, हातानं वजन दाखवायचं. महिनाभर हे केलंत, तर सेवियात पहिल्या दिवशी तुमच्याकडे कुणीतरी वळून बघेल.

२. पडद्यावरचे गुरू : महिन्याला एक

यूट्यूबवर फ्लॅमेंको टाकलं की जे ओतलं जातं, त्यात माणूस बुडतो. मी एका महिन्यात एकाच कलावंताला बघायचं ठरवलं, आणि प्रत्येकाकडून एकच गोष्ट मागायची.

कार्मेन आमायापासून सुरुवात करा. बार्सिलोनाच्या समुद्रकाठच्या सोमोरोस्त्रो झोपडवस्तीतली मुलगी. जोरकस पदन्यास हा पुरुषांचा प्रांत मानला जाई, तेव्हा ती पुरुषी पँट घालून नाचली. १९६३ सालच्या 'लोस तारांतोस' चित्रपटात ती आहे. त्याच वर्षी मूत्रपिंडाच्या विकारानं ती गेली. तिच्याकडून वेग घेऊ नका, तो मिळणारही नाही. ठोका मारण्याआधीच्या क्षणात ती काय करते, ते बघा.

दुसऱ्या महिन्यात मातिल्दे कोराल. पाय विसरा. सेवियाच्या शैलीचं मर्म हात, कंबर आणि मान यांत आहे, आणि बाता दे कोला, म्हणजे मागं लांब शेपटी असलेला झगा, तो कसा हाताळायचा यात. आपल्या हस्तमुद्रांना अर्थ असतो. इथं बोटांचं फुलणं, म्हणजे फ्लोरेओ, कशाचाही अर्थ सांगत नाही. मला हे पचायला जड गेलं. माझे हात सतत काहीतरी 'सांगत' होते : कमळ, पक्षी, घुंघट. सेवियातल्या माझ्या बाई म्हणाल्या, गप्प बसव त्यांना.

तिसरा, फारुको. १९३५ ते १९९७. जाडजूड माणूस, नुसता चालत मंचावर आला तरी लोक सरसावून बसत. तो फार कमी करतो, पण ते कमी नेमकं कुठं करतो ते बघा. त्याचा नातू फारुकितो आज नाचतो. आजोबा आणि नातू लागोपाठ बघितले तर घराणं म्हणजे काय ते बोलावं लागत नाही.

रेषा आणि समूहरचना हवी असेल तर आंतोनियो गादेस. दिग्दर्शक कार्लोस साउराबरोबरचे त्याचे १९८१, १९८३ आणि १९८६ चे तीन चित्रपट आहेत. मधल्या 'कार्मेन'मध्ये तालमीचे प्रसंग भरपूर आहेत, म्हणून शिकणाऱ्याला तोच उपयोगी. सोलेआ कसा पिकत जातो हे एवा येर्बाबुएनाकडे बघा. ती जन्मली जर्मनीत, स्थलांतरित आईबापांच्या पोटी, आणि वाढली ग्रानादाजवळ.

इस्राएल गाल्वान सगळ्यात शेवटी. हा सेवियाचा, १९७३ चा, आईबाप दोघंही नर्तक. त्यानं ही सगळी भाषा मोडून परत जोडली. कथकवाल्यांना तो वेगळ्या कारणानं जवळचा : कथकाची तालीम घेतलेल्या अक्रम खानबरोबर त्यानं २०१४ मध्ये 'तोरोबाका' केलं. दोन्हीकडचे पाय एका मंचावर पाहायला मिळतात. पण त्याला आधी बघितलंत तर मोडलेलंच मूळ समजाल. मी तसंच केलं होतं.

बघायची पद्धत : एक मिनिटाचा तुकडा घ्या. आधी डोळे मिटून ऐका, टाळ्या देता येतात का बघा. मग फक्त पाय. मग फक्त खांदे. आणि शेवटी, कलावंत जिथं काहीच करत नाही तेवढंच बघा. सापळा एकच : नक्कल करून स्वतःचा व्हिडिओ टाकण्याची घाई.

प्रेरणा कुठून, कधी उगवेल याचा नेम नाही, हेही जाता जाता. जपानी नर्तक काझुओ ओनोनं १९२९ मध्ये तोक्योत 'ला आर्खेंतिना' या स्पॅनिश नर्तिकेला पाहिलं. तिला वाहिलेलं स्वतःचं नृत्य त्यानं मंचावर आणलं १९७७ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर. मी एकतिसाव्या वर्षी 'उशीर झाला' म्हणून रडत होते.

३. गाव निवडा

सेविया : पर्याय सर्वात जास्त. नदीपलीकडचा त्रियाना हा जुना फ्लॅमेंको मोहल्ला. क्रिस्तिना हेरेन प्रतिष्ठानच्या संस्थेत गाणं, गिटार, नाच तिन्हींचे अभ्यासक्रम आहेत. नर्तिका क्रिस्तिना ओयोस यांनी उभारलेलं नृत्यसंग्रहालय २००६ पासून आहे. सम वर्षांत सप्टेंबरच्या सुमारास बिएनाल महोत्सव भरतो, १९८० पासून. जुलै-ऑगस्ट टाळा, उन्हाळा विदर्भासारखा आणि ऑगस्टमध्ये बऱ्याच शाळा बंद.

खेरेस : बुलेरियाचं माहेर. त्याबद्दल खाली वेगळं लिहिते, कारण माझा जीव तिथं अडकलाय.

ग्रानादा : साक्रोमोंतेच्या टेकडीतल्या गुहा पर्यटकांनी भरलेल्या असतात, पण 'ला प्लातेरिया' ही १९४९ मध्ये स्थापन झालेली, सगळ्यात जुनी पेन्या इथलीच. पेन्या म्हणजे रसिकांचं मंडळ, आपल्या गायन समाजासारखं. फक्त इथं कोपऱ्यात दारूचा काउंटर असतो.

माद्रिद : आंतोन मार्तिन मंडईच्या वरच्या मजल्यावर 'आमोर दे दिओस' हे शिक्षण केंद्र आहे. खाली भाजी-मासळी, वर पायांचा गडगडाट. ज्यांना थोडं येतं आणि वेगवेगळ्या शिक्षकांकडे उड्या मारायच्या आहेत त्यांच्यासाठी. अगदी नवख्यानं तिथून सुरुवात करू नये असं माझं मत.

४. नाचाचे शिक्षक : एकाला विचारायच्या चार गोष्टी

प्रवेश घेण्याआधी एक वर्ग नुसता बघू द्या म्हणावं. बहुतेक जण बघू देतात. मग हे विचारा :

वर्गात गिटार प्रत्यक्ष आहे की मुद्रित? गायक येतो का, महिन्यातून एकदा तरी? वर्ग तंत्राचा आहे की रचनेचा? आणि पातळी कोण ठरवतं?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महागात पडतो. मी अर्जात 'मध्यम' लिहिलं, कारण बारा वर्षं नाचले होते. दुसऱ्या दिवशी कळलं की माझे पाय मध्यम आणि बाकी सगळं बालवाडी. कथकाचा तळवा बहुतेक वेळ सपाट पडतो, अनवाणी, आवाज घुंगरांचा. इथं बुटाच्या टाचेला आणि चवड्याला खिळे ठोकलेले असतात आणि प्रत्येक भागाचा आवाज वेगळा : प्लांता म्हणजे चवडा, ताकोन म्हणजे टाच, पुंता म्हणजे टोक, गोल्पे म्हणजे पूर्ण पाऊल. गुडघे मऊ, वजन खाली. आणि चक्कर! आपण डाव्या टाचेवर फिरतो. टाचेच्या बुटात तसं फिरायला गेलात तर थेट भिंतीपाशी पोचाल. मी पोचले. 'प्रारंभिक' लिहा, लाज वाटू देऊ नका. वर चढवणं सोपं असतं, खाली उतरवणं शिक्षकालाही अवघड जातं.

दुसरा सापळा रचनांचा. बरेच परदेशी विद्यार्थी दोन आठवड्यांच्या शिबिरात एक रचना, पुढच्यात दुसरी, अशा गोळा करत जातात. परत गेल्यावर पेटीत आठ रचना आणि एकाही गायकापुढं उभं राहायची हिंमत नाही. निदान निम्मे पैसे तंत्राच्या आणि टाळ्यांच्या वर्गाला द्या.

वर्गातली रीत थोडक्यात. शिक्षकांना नावानं हाक मारतात, एकेरीत. वयस्कर, मान्यवर व्यक्तीला 'माएस्त्रा', 'माएस्त्रो'. पहिल्या दिवशी पुढच्या रांगेत उभं राहू नका, ती जुन्यांची असते. न विचारता चित्रण करू नका. पाया पडू नका, हे सांगायला नको.

५. तुमचा खरा गुरू गातो

हा भाग मला कुणी आधी सांगितला असता तर माझं अर्धं वर्ष वाचलं असतं.

कथकात लेहरा, म्हणजे साथीला सतत फिरत राहणारी धून, चक्र धरून ठेवतो. आपण त्यावर हवे तसे खेळतो आणि समेवर येतो. फ्लॅमेंकोत गिटार तुमच्या मागं येते आणि तुम्ही गाण्याच्या मागं जाता. नाचाचा आराखडा ढोबळमानानं असा : तुम्ही येता, एक यामादा करता, म्हणजे पायांनी दिलेली हाक, 'आता गा'. गायक लेत्रा गातो, म्हणजे गाण्याचं कडवं. त्या वेळी तुम्ही पावलं मोजकी ठेवता, नुसतं अंग डोलतं. त्याला मार्काखे म्हणतात. ओळ संपते तिथं रेमाते, एक छोटा ठसका. मधे फाल्सेता, म्हणजे गिटारचा स्वतंत्र तुकडा. मग एस्कोबिया, म्हणजे पायांचं लांब काम, संथपासून वेगापर्यंत. सोलेआ असेल तर शेवटी बहुधा बुलेरियात शिरून बाहेर पडायचं.

म्हणजे गायक कुठं श्वास घेणार हे कळल्याशिवाय नाच होऊच शकत नाही. गायक ओळ लांबवतो, कधी अर्धी गिळतो, कधी परत म्हणतो. ठरवलेली रचना घेऊन गेलात की तो गातोय आणि तुम्ही त्याच्यावर पाय आपटताय, असं होतं. माझं झालं. गायक थांबला, हसला आणि म्हणाला, 'तू बोलत होतीस, म्हणून मी थांबलो.' अजून कान लाल होतात आठवलं की.

म्हणून नाचासाठीच्या गाण्याचा वर्ग शोधा, 'कांते पारा बाइले' या नावानं असतो. आवाज नसला तरी चालेल. पाच लेत्रा तोंडपाठ करा, वेडंवाकडं का होईना गा. यासाठी स्पॅनिश लागते. पहिल्या पातळीपुरती तरी घरूनच शिकून जा. आणि पुस्तकी स्पॅनिशवर विसंबू नका. आंदालुसियात 'द' आणि 'स' हवेत विरघळतात : गायकाला कांतादोर न म्हणता कांताओर म्हणतात, आणि फळ्यांच्या मंचाचा ताब्लादो होतो ताब्लाओ.

पेन्यात जायला लागा. सेवियातली तोर्रेस माकारेना पेन्या बाहेरच्यांनाही आत घेते. गाणं सुरू झालं की शांतता. ग्लासचाही आवाज नको. दाद द्यायची ती ओळीच्या शेवटी, तालात. त्याला खालेओ म्हणतात. आपल्याकडे मैफलीत चुकीच्या जागी 'वाहवा' करणारा एक असतोच, तो तिथं तुम्ही होऊ नका. आणि तालाची खात्री नसेल तर टाळ्या वाजवूच नका. हा नियम फार कडक पाळला जातो.

६. खेरेस : दोन मिनिटांचा धडा

खेरेसमध्ये सान्तियागो आणि सान मिगेल हे दोन मोहल्ले आहेत आणि दोघांना वाटतं खरी बुलेरिया आपलीच. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथं महोत्सव भरतो, व्हियामार्ता नाट्यगृहाभोवती. सोबत मोठमोठ्या कलावंतांचे शिकवणी वर्ग असतात. जागा भराभर जातात, त्यामुळं नोंदणी सुरू झाल्याबरोबर करा आणि मग व्हिसाकडं वळा. सान हुआन चौकातल्या पेमार्तिन वाड्यात फ्लॅमेंकोचं दस्तऐवज केंद्र आहे. पावसाच्या दिवशी जुनी चित्रणं बघत बसायला उत्तम.

मी तिथं एका वयस्कर बाईंकडे फक्त बुलेरिया शिकले. मंचासाठीची नव्हे, घरगुती. गोल करून सगळे उभे, टाळ्या चालू. एक जण आत चालत येतो, गाण्याची एक लेत्रा अंगावर घेतो, एक रेमाते करतो आणि चालतच बाहेर पडतो. सगळं मिळून मिनिट-दोन मिनिटं. याला पातादिता, बोलीत पाताइता म्हणतात, 'छोटीशी लाथ'. आठवडाभर बाईंनी मला पाऊल टाकू दिलं नाही. नुसतं आत चालायचं आणि बाहेर. 'इतकं चालताना कसला विचार करतेस?' असं त्या रोज विचारत. सातव्या दिवशी मी चालत आत गेले, गायकानं ओळ टाकली, मी थांबले, खांदा हलला, दहावर पाय पडला आणि मी बाहेर आले. एकूण तीन हालचाली. बाई नुसतं 'ओले' म्हणाल्या, तेही हळू. बारा वर्षांच्या कथकात मिळालेल्या टाळ्यांपेक्षा मला ते जास्त वाटलं, आणि त्याचं थोडं वाईटही वाटलं.

७. सामान आणि कागद

बूट : एकच जोड, पण चांगला. कातडी, खिळे ठोकलेले, घट्ट. हातानं बनवलेला जोड शंभर युरोच्या पुढंच सुरू होतो. भारतातून टॅपचे बूट आणू नका, ते वेगळे. मापासाठी माणूस प्रत्यक्ष दुकानात गेलेला बरा. पहिल्या महिन्यात बोटांना चिकटपट्टी.

कपडे : गुडघ्याखाली घेर असलेला एक सराव-स्कर्ट, बस. बाता दे कोला, मांतोन नावाची झालरीची शाल, चिपळ्यांसारखी वाजणारी कास्तान्युएलास : यातलं पहिल्या वर्षी काहीही घेऊ नका. पर्यटकांच्या दुकानातलं ठिपक्यांचं झालरदार तर कधीच नाही.

व्हिसा : नव्वद दिवसांच्या आतलं राहणं असेल तर शेंगेन अल्पमुदतीचा. महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबईतल्या स्पॅनिश वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, प्रवास पंधरा दिवसांच्या आत आला की मात्र नाही. प्रौढांचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो. अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. लागणारे कागद :

- पासपोर्ट : गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीनंतर तीन महिने वैध, दोन पानं कोरी
- भरलेला अर्ज आणि फोटो
- किमान ३०,००० युरोचा प्रवास-आरोग्य विमा
- शाळेचं प्रवेशपत्र, तारखा आणि भरलेल्या शुल्कासह
- राहण्याचा पुरावा, जाण्या-येण्याचं आरक्षण
- बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्र
- नोकरी असेल तर रजेचं पत्र

नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर विद्यार्थी व्हिसा. त्यात मुक्काम सहा महिन्यांच्या वर असेल तर वैद्यकीय दाखला आणि पोलिस दाखलाही. दाखल्यांवर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का, आणि अधिकृत स्पॅनिश भाषांतर. सहा महिन्यांच्या वर राहणाऱ्यांनी पोचल्यावर महिन्याभरात परदेशी नागरिकाच्या ओळखपत्रासाठी अर्ज करायचा. स्पेनचे परकीय नागरिकांचे नियम मे २०२५ मध्ये बदलले, तेव्हा त्याआधी गेलेल्या मैत्रिणीचा सल्ला, माझाही धरून, जसाच्या तसा लावू नका. 'तुमचा अभ्यासक्रम विद्यार्थी व्हिसाला चालतो का' हे शाळेला लेखी विचारा, पैसे भरण्यापूर्वी. एका शाळेनं मला तोंडी 'हो हो' सांगितलं होतं आणि कागद द्यायची वेळ आल्यावर हात वर केले.

८. पाय टिकवा

फरशीवर खिळ्यांच्या बुटांनी सराव करू नका. गुडघे जातात, फरशी जाते आणि खालच्या मजल्यावरचे काका वर येतात. लाकडाच्या वखारीतून जाड प्लायवूडची चार बाय चार फुटांची फळी आणा, खाली रबराची चटई. सेवियात भाड्याच्या खोलीत तेही जमणार नाही. तिथं सरावाच्या खोल्या तासावर मिळतात. खोलीवर फक्त हात आणि टाळ्या. पाठीतून हात उचलायचा सराव भिंतीला टेकून करा, कथकवाल्यांचे खांदे वर चढतात.

९. 'हे मूळचं आपलंच ना?'

हा प्रश्न पुण्यात सगळे विचारतात. उत्तर सांभाळून द्या. स्पेनमधल्या खितानो लोकांचे, म्हणजे तिथल्या रोमा समाजाचे, पूर्वज शतकांपूर्वी उत्तर भारताकडून निघाले, हे त्यांची भाषाच सांगते. रोमानीत पाण्याला पानी, नाकाला नाक आणि माणसाला मानुश म्हणतात. स्पेनमध्ये ते पंधराव्या शतकात पोचले. पण 'कथक राजस्थानातून चालत गेलं आणि फ्लॅमेंको झालं' ही पर्यटनाच्या जाहिरातीतली गोष्ट. फ्लॅमेंको घडलं आंदालुसियात, आपल्याला दिसतं त्या रूपात अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत, खितानो आणि बिगर-खितानो अशा दोघांच्या हातून. खेरेसच्या बाईंना मी उत्साहानं 'आपण नातेवाईक' असं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, 'मग ये रविवारी जेवायला, पण बुलेरियात अकरावर का धावतेस ते नातेवाईक म्हणून सांग.'

गेले. छोल्यांचा रस्सा होता. जेवण झाल्यावर त्यांच्या ऐंशीच्या पुढच्या आईनं टेबलावर बोटांच्या पेरांनी ठेका धरला आणि मला बशा उचलायला लावल्या, तालात. त्या ठेक्याचं पाच मिनिटांचं ध्वनिमुद्रण मी त्यांना विचारून फोनवर घेतलंय. पुण्यात सराव अजून त्यावरच चालतो. मधे बशी पडल्याचा आवाज येतो, तो बरोबर नऊवर आहे.